टायर रुंद, पकड तेवढीच

मोटरसायकलचा मागचा टायर गोटा झाला की दुकानात मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘दादा, एक साइज मोठा टाका. गाडी भारी दिसेल आणि ग्रिपपण वाढेल.’ पहिल्या मुद्द्यावर विज्ञानाला काही म्हणायचं नाही. दिसण्याची हौस ज्याची त्याची. दुसरा मुद्दा मात्र तपासायला हवा, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. शाळेतला भागाकार पुरतो.

दीडशे सीसीची गाडी धरू. मागे १००/९०-१७ मापाचा टायर. एकटा माणूस बसला की मागच्या चाकावर साधारण १३० किलो भार येतो. टायरमध्ये हवा २९ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास २ किलो. गाडी हवेवरच उभी असते. तेव्हा १३० किलो पेलायचे तर साधारण ६५ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकणार. बोटं सोडून नुसता तळहात घेतला तर त्याहूनही ही जागा थोडी लहानच. टायरच्या बाजूच्या भिंती स्वतःही थोडा भार उचलतात, त्यामुळे आकडा जरा इकडेतिकडे होईल. पण या हिशेबात टायरची रुंदी कुठे आली? कुठेच नाही. भार आणि हवेचा दाब तेच ठेवून रुंद टायर चढवला, तर जमिनीला टेकणारा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं.

मग मोठ्या गाड्यांना कंपन्या रुंद टायर का देतात? तिथे इंजिनाची ताकद मोठी असते, रबर तापतं आणि झपाट्याने झिजतं. ती उष्णता आणि ती झीज वाटून घ्यायला जास्त रबर लागतं, शिवाय मऊ रबर वापरूनही टायर टिकवायचा असतो. बारा-चौदा अश्वशक्तीच्या गाडीला यातलं काही लागत नाही. तिच्या वाट्याला रुंद टायरचे फक्त तोटे येतात.

पहिला तोटा वळणावर दिसतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर गाडी सुमारे ३२ अंश कलावी लागते. हे गणित टायरला जाडी नाही असं धरून केलेलं. प्रत्यक्षात टायर गोलसर असतो. गाडी कलली की जमिनीला टेकण्याचा बिंदू मधून बाजूला सरकतो आणि तोल साधायला गाडी आणखी थोडी कलवावी लागते. टायर जितका रुंद तितकं हे जास्त. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरला आणि दोन्ही चाकांना सारखेच टायर मानले, तर १०० मिलिमीटरच्या टायरला जवळपास तीन अंश वाढतात आणि १४० च्या टायरला चार. फरक एका अंशाचाच, पण उलट्या दिशेचा : मोठा टायर घालून तेच वळण घ्यायला गाडी जास्त झोपवावी लागते.

दुसरा तोटा रिमचा, आणि तो जास्त गंभीर आहे. प्रत्येक मापाच्या टायरसाठी रिमची रुंदी ठरलेली असते. १००/९० ला साधारण अडीच इंचांची रिम चालते, १३०/७० ला साडेतीनच्या आसपासची लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ रस्त्यावर मधली पट्टीच टेकते आणि तीच झिजते. वळणावर गाडी कलली की टायर बनवणाऱ्याने जिथे सपाट ठसा मिळेल असं गृहीत धरलं होतं, तिथे तो मिळत नाही. मायलेज कमी होणं, चेनकव्हरला टायर घासणं हे त्यानंतरचं. व्यासही बदलतो : १००/९०-१७ च्या जागी १२०/८०-१७ घातला तर चाकाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी वाढतो.

टायरच्या भिंतीवर हे सगळं लिहिलेलंच असतं, फक्त कुणी वाचत नाही. १००/९०-१७ मध्ये १०० ही मिलिमीटरमधली रुंदी, ९० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ९० टक्के, आणि १७ हा रिमचा इंचातला व्यास. पुढे ५५पी असं असेल तर ५५ हा भाराचा सांकेतिक आकडा, म्हणजे २१८ किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. टायर बदलताना माप तेच ठेवावं आणि हे दोन आकडे मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नयेत. डबल सीट आणि वर सिलिंडर नेणाऱ्यांनी तर भाराचा आकडा आधी बघावा.

मधल्या रेघेच्या जागी आर असेल तर टायर रेडियल. साध्या टायरमध्ये आतले धागे तिरपे, थरागणिक एकमेकांना छेदणारे असतात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि माथ्याखाली वेगळा पट्टा असतो. दोन्हींची लवचीकता वेगळी, म्हणून मनाला येईल तशी सरमिसळ करू नये. यामाहाच्या एफझेडला कारखान्यातूनच पुढे साधा आणि मागे रेडियल येतो, पण ती जोडी गाडीबरोबर तपासून ठरवलेली असते. पुढे रेडियल आणि मागे साधा, ही उलटी जोडी टाळावी.

माप जुळलं की खरा प्रश्न उरतो तो रबराचा. एकाच मापाचे, जवळपास एकाच नक्षीचे दोन टायर पावसात अगदी वेगळे वागू शकतात, आणि त्याचं कारण डोळ्यांना दिसत नाही.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत ठिसूळ. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक घालून ते तापवलं, रबराच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या आणि ताणून सोडलं की मूळ आकारात येणारं रबर हाती आलं. दोडामार्ग-सावंतवाडी भागात आता रबराच्या बागा दिसतात. तिथल्या झाडांचा चीक असो की कारखान्यातलं कृत्रिम रबर, टायरमध्ये जाण्याआधी त्याला गंधकाच्या या वाटेने जावंच लागतं. टायरचा काळा रंग कार्बन ब्लॅकचा. ही काजळी म्हणजे नुसता रंग नाही. ती घातल्याने टायर कितीतरी पटींनी जास्त टिकतो.

रबर रस्त्याला धरतं ते दोन प्रकारे. पहिला प्रकार चिकटण्याचा : रबराचे आणि खडीचे रेणू क्षणभर एकमेकांना ओढतात, ताणले जातात, सुटतात. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर हे जोरात चालतं. मध्ये पाण्याचा पातळ थर आला की बंद पडतं. दुसरा प्रकार पावसातही टिकतो. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारखा असतो. ब्रेक लागला की टायरचा ठसा त्यावरून किंचित घसरतो, रबर प्रत्येक टोकावर दबतं आणि पलीकडे पुन्हा फुगतं. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा फुगताना परत दिली असती तर टायर सटकला असता. रबर ती सगळी परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन विरतो, आणि ओल्या रस्त्यावरची पकड म्हणजे मुख्यतः हीच हरवलेली ऊर्जा. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर पावसात गाडी का सटकते तेही यातूनच कळतं. रंगाने बारीक टोकं बुजवलेली असतात. रबराला दबायला काही उरतच नाही.

आता पेच असा की ऊर्जा हरवणारं रबर पेट्रोलही खातं. टायर नुसता फिरत असतानाही ठशापाशी प्रत्येक वेळी चपटा होतो आणि पुढे पुन्हा गोल होतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणजे पकड हवी तर मायलेज सोडा, मायलेज हवं तर पकड सोडा. बरीच वर्षं टायर बनवणारे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबत होते.

वाट सापडली ती दोन क्रियांच्या वेगातल्या फरकात. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेतं, म्हणजे फिरण्यामुळे रबर सेकंदाला नऊ वेळा दबतं. खडीच्या टोकांवरून घसरताना मात्र तेच रबर सेकंदाला हजारो, अगदी लाखभर वेळा दबतं. मग असं मिश्रण करावं की सावकाश दाबलं तर ऊर्जा परत देईल आणि झपाट्याने दाबलं तर गिळून टाकेल. झपाट्याने दाबलेलं रबर थंड रबरासारखं वागतं, हा त्याचा गुणधर्म इथे सोयीचा पडतो. म्हणून प्रयोगशाळेत मिश्रणाची ऊर्जाहानी ६० अंश सेल्सिअसला मोजून मायलेजचा अंदाज बांधतात आणि शून्य अंशाला मोजून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा. पहिला आकडा लहान हवा, दुसरा मोठा.

असं मिश्रण जमलं ते कार्बन ब्लॅकची बरीचशी जागा सिलिकाला दिल्यावर. सिलिका आणि वाळू यांचं रासायनिक सूत्र एकच. पण सिलिका रबरात नीट मिसळत नाही, तिच्या कणांचे गोळे होतात. सिलेन नावाच्या संयुगाने तिला रबराच्या साखळीशी बांधावं लागतं. मिशेलिनने १९९२ मध्ये सिलिकाचा मोटारटायर बाजारात आणला आणि नंतर ही पद्धत मोटरसायकलच्या टायरमध्येही आली. दुकानात टायर नखाने दाबून मऊ-कडक ठरवणाऱ्यांना यातलं काही कळत नाही. नख फार सावकाश दाबतं. त्यातून फार तर टायर जुनाट होऊन कडक झाला आहे का, एवढंच समजतं. मिश्रणाबद्दल कंपनीची माहिती वाचावी. टिकाऊपणावर भर असलेला टायर पकडीत बहुधा थोडा मागे असतो, आणि मध्ये कडक व कडेला मऊ असं दुहेरी रबर असेल तर हायवेवर सरळ आणि घाटात वळणावर अशी दोन्ही कामं बरी होतात.

नक्षीबद्दल गैरसमज जास्तच आहेत. कोरड्या रस्त्यावर पकड नक्षीमुळे येत नाही. शर्यतीचे टायर कोरड्यात सपाट असतात. नक्षीचं काम पाणी बाजूला काढणं. पाणी बाजूला झालं नाही तर टायर त्यावर तरंगू लागतो. अमेरिकेत नासाच्या लँगली केंद्रातल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर याचा अभ्यास केला आणि एक सोपं सूत्र मिळालं : तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. २५ पीएसआयला तो ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास येतो, हवा १६ वर गेली की ६७ वर. मोटरसायकलचा टायर गोल आणि अरुंद असल्यामुळे पाणी चिरत जातो आणि त्याची मर्यादा याहून वर असते. म्हणून पावसात दुचाकी घसरते ती बहुतेक वेळा तरंगून नव्हे, तर पहिल्या सरीत वर आलेल्या तेलकट चिखलाने. कमी हवा आणि रुंद टायर ही जोडी मात्र तरंगायला चांगलीच मदत करते. चिखलासाठी केलेले बटण टायर डांबरावर थरथरतात आणि लवकर झिजतात; रोज शेतावर जाणाऱ्याने जरूर घ्यावेत, ऑफिसला जाणाऱ्याने नाही.

हवेचा विषय निघालाच आहे तर नायट्रोजनबद्दल. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. २५ अंशांचा टायर ५५ अंशांपर्यंत तापला तर २९ पीएसआयचे ३३ च्या पुढे होतात, मग आत शुद्ध नायट्रोजन असो की कोरडी हवा. नायट्रोजनला द्यायचे पैसे वाचवून सकाळी गार टायरची हवा नियमित तपासणं जास्त उपयोगाचं.

खरेदीच्या वेळी न चुकता बघायची गोष्ट म्हणजे भिंतीवरच्या लांबगोल चौकटीतले चार आकडे. ३१२४ असेल तर टायर २०२४ च्या ३१व्या आठवड्यात बनलेला. वाऱ्यातला ओझोन रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या जागी बारीक भेगा पडतात. ते रोखणारं रसायन टायरमध्ये घातलेलं असतं आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. भिंतीवर दिसणारी तपकिरी झाक त्याचीच. ती मळ समजून घासून पॉलिश करणारे त्या संरक्षणावरच हात फिरवत असतात. दुकानाबाहेर खांबाला उन्हात टांगलेला टायर घेऊ नये, सवलत कितीही असो.

या चार आकड्यांकडे न बघण्याचा सगळ्यात मोठा बळी पुढचा टायर. मागचा लवकर झिजतो म्हणून तो बदलला जातो, आणि पुढच्यावर नक्षी दिसतेय म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच फिरतो. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भार पुढच्या चाकावर येतो. थांबवतो तो टायर, आणि नेमकं त्याचंच रबर ऑक्सिजन आणि उष्णतेने कडक झालेलं असतं. झिजेची खूण म्हणून खाचांमध्ये जेमतेम मिलिमीटरभर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. त्या वर आल्या की टायर संपला. पण त्या वर आल्या नाहीत म्हणजे टायर शाबूत आहे, असं नाही.

टायर चढवताना बाणाची दिशा फिटरवर सोडू नये. माथ्याचं रबर एका लांब पट्टीचं असतं आणि तिची टोकं तिरपी जोडलेली असतात. मागच्या चाकावर इंजिन जोर लावतं, पुढच्यावर ब्रेक उलटा जोर लावतो, म्हणून काही टायरवर पुढे आणि मागे यांसाठी विरुद्ध दिशेचे दोन बाण असतात. नव्या टायरची वरची त्वचा साच्यातून गुळगुळीत निघते, शिवाय चढवताना लावलेला साबण कडांपाशी काही काळ ओला राहतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवावं लागतं, आणि ते कोरड्या रस्त्यावर झालेले बरे. म्हणून टायर मेमध्येच बदलावा, जुलैत आंबोली घाटाच्या आदल्या दिवशी नाही.