ट्रॅक्टरची बॅटरी बदलताना

मृगाचा पाऊस झाला. रानाला वाफसा आला. बी-खत घरात तयार आहे. सकाळी ट्रॅक्टरवर बसून चावी फिरवली, तर नुसता 'टक्' असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. अशी वेळ पुष्कळ शेतकऱ्यांवर येते. वाफसा कोणाची वाट पाहत नाही. मग माणूस घाबरा होतो, तालुक्याला धावतो आणि दुकानदार देईल ती बॅटरी उचलून आणतो. काही हजार रुपये जातात. कधी कधी वर्ष-दीड वर्षात पुन्हा तीच पाळी येते.

मंडळी, बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. बॅटरी घेताना मात्र नुसती किंमत विचारतो. असे का व्हावे? बॅटरीचीही पारख करता येते. त्याला फार शिक्षण लागत नाही. अक्षरे आणि आकडे वाचता आले म्हणजे पुरे. ते तर आता तुम्हाला येतातच. तेव्हा ही पारख कशी करावी, ते या पाठात आम्ही सांगणार आहोत.

बॅटरी काय काम करते?

पूर्वी मोटारी आणि ट्रॅक्टर हँडल मारून चालू करीत. हँडल उलटे फिरले तर माणसाचा हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेवर फिरणारा स्टार्टर बसवला गेला. त्यालाच आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात. सेल्फला वीज पुरवते ती बॅटरी.

बॅटरीच्या डब्यात सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या असतात. त्या पाणी घातलेल्या गंधकाच्या तेजाबात बुडालेल्या असतात. शिसे आणि तेजाब यांच्या क्रियेतून वीज मिळते. उलट वीज आत सोडली, की ती क्रिया मागे फिरते आणि बॅटरी पुन्हा भरते. अशी पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ साली बनवली. आजच्या ट्रॅक्टरमधली बॅटरी तिचीच पुढची पिढी आहे.

एका खणातून सुमारे २ व्होल्ट मिळतात. सहा खणांचे १२ व्होल्ट होतात. म्हणून तिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणायचे.

आता दोन शब्द नीट समजून घ्या. घरावरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर अधिक. हा जोर म्हणजे व्होल्ट. नळातून जी धार पडते ती म्हणजे अँपिअर. आणि टाकीत एकंदर पाणी किती मावते, ते म्हणजे अँपिअर-तास. बॅटरीवर 'एएच' अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात, ती याचीच खूण. ८० अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरची धार २० तास देऊ शकते. चार गुणिले वीस, ऐंशी. हिशेब सोपा आहे.

डिझेलच्या इंजिनात हवा फार दाबली जाते. ते फिरवायला जोर लागतो. म्हणून सेल्फ मारताना शंभराहून कितीतरी जास्त अँपिअरची धार काही क्षण लागते. बॅटरीचा खरा कस तिथे लागतो.

दोष बॅटरीचाच आहे काय?

नवी बॅटरी घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. तिसरी घ्यायला निघाला, तेव्हा गावच्या मिस्त्रीने अडवले.

"दादा, आधी पट्टा बघू द्या."

"पट्ट्याचा आणि बॅटरीचा काय संबंध, मिस्त्री?"

"अहो, डायनामो पट्ट्यावर फिरतो. पट्टा ढिला तर डायनामो फिरणार कसा, आणि बॅटरी भरणार कशी?"

पट्टा खरोखरच ढिला होता. तो ताणला, बॅटरी चार्ज करून आणली आणि तीच बॅटरी पुढे चालली. आधीच्या दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच. म्हणून आधी पुढील गोष्टी पाहा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे काय? असल्यास खण बंद ठेवून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवा. वायर ढिली आहे काय, ते पाहा. इंजिनाच्या अंगाला जोडलेली अर्थची वायर गंजली आहे काय, तेही पाहा.

मिस्त्रीकडे व्होल्ट मोजायचे मीटर असते. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर बॅटरी मोजावी. १२.६ च्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे. १२.२ आला तर अर्धी आहे. १२ च्या खाली आला तर जवळजवळ रिकामी आहे. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. आता आकडा १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान हवा. तो वर चढत नसेल तर डायनामो किंवा त्याचा पट्टा पाहा. तो १५ च्या वर जात असेल तरीही वाईटच. अशाने बॅटरीतले पाणी उकळून आटते.

पुरती भरलेली बॅटरी असूनही सेल्फ मारताना मीटर साडेनऊच्या खाली पडत असेल, तर मात्र ती बॅटरी थकली असे समजावे. बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे असते. तेवढी झाली असतील तर तिला दोष देऊ नका.

निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, आकडा. ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात किती अँपिअर-तासांची बॅटरी लागते ते छापलेले असते. पुस्तक हरवले असेल तर जुन्या बॅटरीवरचा आकडा कागदावर उतरून न्या. त्याहून कमी आकड्याची बॅटरी स्वस्त मिळते, पण घेऊ नका. चार माणसांचे ओझे दोघांच्या डोक्यावर देण्यासारखे ते आहे. थोड्या मोठ्या आकड्याची चालते, पण ती जागेत नीट बसली पाहिजे.

दुसरी गोष्ट, झटक्याची ताकद. काही बॅटऱ्यांवर 'सीसीए' असा आकडा असतो. शून्याखाली १८ अंशांच्या थंडीत बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते त्यावरून कळते. आपल्याकडे एवढी थंडी नाही. तरीही दोन बॅटऱ्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो. बाकी सर्व सारखे असेल, तर हा आकडा ज्या बॅटरीचा मोठा, तिची सेल्फ मारण्याची ताकद अधिक. निफाडकडे हिवाळ्याच्या पहाटे पारा फार उतरतो. तेव्हा तेल घट्ट होते आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो. तिकडच्या शेतकऱ्याने हा आकडा जरूर पाहावा.

तिसरी गोष्ट, माप आणि टर्मिनलची बाजू. लांबी, रुंदी, उंची मोजून न्या. अधिक खुणेचे टर्मिनल डावीकडे की उजवीकडे, तेही लिहून न्या. बाजू चुकली तर वायर पुरत नाही. मग कोणी वायर ताणतो, कोणी तुकडा जोडतो, आणि एक दिवस ठिणगी उडते. अधिकचे टर्मिनल उणेच्या टर्मिनलपेक्षा किंचित जाड असते, ही खूण ध्यानात ठेवा.

चौथी गोष्ट, जात. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी आणि ट्रॅक्टरची वेगळी. इन्व्हर्टरची बॅटरी बारीक धार पुष्कळ तास देण्यासाठी बनवलेली असते. ट्रॅक्टरची बॅटरी मोठी धार थोडा वेळ देण्यासाठी असते. एक दुसरीच्या जागी टिकत नाही. मोटारीची आणि ट्रॅक्टरची बॅटरीही एक नव्हे. नांगरटीत ट्रॅक्टरला जे हिसके बसतात, ते डांबरी रस्त्यावर बसत नाहीत. हिसक्यांनी पट्ट्यांवरचा लेप गळतो. म्हणून ट्रॅक्टरसाठीच बनवलेली, दणके सोसणारी बॅटरी मागा. शेतरस्त्याने आणि डोंगरवाटेने जीप चालवणाऱ्यानेही दणके सोसणारीच बॅटरी घ्यावी.

पाचवी गोष्ट, तारीख. बॅटरी दुकानात नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. फार दिवस उतरलेली राहिली तर पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि ती पुन्हा पुरती भरत नाही. म्हणून विचारायला लाजू नका.

"शेठ, ही बॅटरी कधीची?"

"अहो पाटील, नवीकोरी आहे. पेटीतून आत्ता काढली की."

"पेटीतून आत्ता काढली हे खरं. पण पेटीत कधी घातली, तेवढं दाखवा."

तारीख बॅटरीवर छापलेली किंवा कोरलेली असते. खुणेची अक्षरे असतील तर दुकानदाराकडून त्यांचा अर्थ विचारून घ्या. तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. सहा महिन्यांहून जुनी असेल तर दुसरी मागा. कोरडी बॅटरी घेऊन दुकानातच तेजाब भरत असतील, तर ती पुरती चार्ज होईपर्यंत थांबा. घाई करू नका.

सहावी गोष्ट, कार्ड आणि बिल. हमीचे कार्ड नीट वाचा. समजा, त्यावर '१८ अधिक १८ महिने' असे आहे. दुकानदार म्हणेल, "तीन वर्षांची गॅरंटी." पण याचा अर्थ बहुधा असा असतो, की पहिल्या १८ महिन्यांत बिघडली तर मोफत बदलून मिळेल. पुढच्या १८ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किमतीत फक्त सूट मिळेल. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. कार्डावर विक्रीची तारीख, बॅटरीचा नंबर आणि दुकानाचा शिक्का घ्या. पक्के बिल घ्या. बिल नसेल तर तक्रार टिकणे कठीण. बिल असून दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर ग्राहकांसाठीची सरकारी मदत मिळते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

'जुनी बनवलेली' म्हणून स्वस्त बॅटरी विकणारेही भेटतात. आत काय भरले आहे ते दिसत नाही. ऐन पेरणीच्या कामाला ती घेऊ नये, असे आम्हाला वाटते.

बसवताना घ्यायची काळजी

इंजिन बंद करा. काढताना आधी उणेची वायर सोडा, मग अधिकची. बसवताना उलट करा. आधी अधिकची जोडा, शेवटी उणेची. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत उणे टर्मिनल ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेले असते. उणे आधी सोडले म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. वायरी उलट जोडल्या तर डायनामोचे भाग जळू शकतात.

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून जवळ विडी ओढू नका, काडी ओढू नका. तेजाब अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर ताबडतोब पुष्कळ पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर धुऊन लगेच दवाखाना गाठा.

बॅटरी तिच्या पट्टीने घट्ट आवळा. ती डुगडुगत राहिली तर चांगली बॅटरीही लवकर मरते. टर्मिनलवर व्हॅसलीनचा हात द्या.

पुढची निगा

पाण्याचे खण असतील तर महिन्यातून एकदा उघडून पाहा. पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या असाव्यात. कमी असेल तर डिस्टिल्ड पाणीच घाला. विहिरीचे वा नळाचे पाणी घालू नका. त्यातले क्षार पट्ट्यांना खातात. वरून तेजाबही घालू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, तेव्हा पंधरा दिवसांनी पाहा. ट्रॅक्टर सावलीत उभा करा.

इंजिन बंद ठेवून डेक लावायची सवय वाईट. उसाच्या ट्रॅक्टरवर हे फार चालते. डेक १० अँपिअर खात असेल आणि चार तास वाजला, तर ४० अँपिअर-तास गेले. ८० ची बॅटरी अर्धी झाली! गाणी ऐका, पण इंजिन चालू असताना ऐका.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. शिसे विषारी आहे. लहान मुलांच्या पोटात ते थोडे गेले तरी मेंदूला अपाय होतो. म्हणून बॅटरी घरी फोडू नका. मासेमारीच्या वजनांसाठी शिसे चुलीवर वितळवू नका. तेजाब ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. २०२२ साली केंद्र सरकारने यासाठी नियम केले आहेत. त्यांप्रमाणे जुनी बॅटरी रीतसर गोळा करून शिसे परत काढायचे असते. ती दुकानदारालाच द्या. तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. किती वजा केले, ते बिलावर लिहून घ्या.

दुकानात जाताना बरोबर न्यायच्या कागदावर एवढे लिहा: अँपिअर-तास, लांबी-रुंदी-उंची, अधिकची बाजू, जुन्या बॅटरीची खरेदीची तारीख. पेरणीच्या तोंडावर धावाधाव नको. वैशाखातच बॅटरी तपासून घ्या.

विचार करा आणि सांगा

१. नवी बॅटरी घेण्याआधी कोणत्या तीन गोष्टी तपासाल?
२. '२४ अधिक २४ महिने' या हमीचा अर्थ काय असू शकेल? दुकानदाराला काय विचाराल?
३. ५ अँपिअरचा दिवा आठ तास जळत राहिला. किती अँपिअर-तास खर्च झाले?
४. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काय काय लिहिले आहे, ते वाचून वहीत उतरून आणा.