चोविसावी पलटण : सिनेमातली आणि इतिहासातली

२२ जानेवारी १८७९ या दिवशी दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याची ब्रिटिश छावणी झुलू सैन्याने दुपारपर्यंत बुडवली. तेराशेच्या आसपास माणसं मारली गेली. त्याच दिवशी उतरत्या दुपारी, काही मैलांवरच्या रोर्क्स ड्रिफ्ट या लहानशा ठाण्यावर दुसरी चकमक सुरू झाली. तिथे दीडशेच्या आतबाहेर शिपायांनी तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवून धरलं. दोन्ही ठिकाणी मुख्यतः ब्रिटिशांची २४वी पायदळ पलटण होती. १९६४ साली ‘झुलू’ हा सिनेमा आला आणि ही पलटण जगभर माहीत झाली. सिनेमा उत्तम आहे. पण या पलटणीविषयी आज जे ठामपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं या सिनेमातून आलेलं आहे. आणखी काही गोष्टी पराभवाला सबब शोधणाऱ्यांनी पसरवलेल्या आहेत.

पहिला समज असा की ही वेल्सची पलटण होती आणि वेल्श शिपाई गाणी गात लढले. पलटण १६८९ मध्ये सर एडवर्ड डेरिंग यांनी उभी केली ती इंग्लंडमधल्या केंट परगण्यात. १७८२ पासून तिच्या नावात वॉरिकशायर होतं. वेल्समधल्या ब्रेकन गावी तिचा डेपो आला १८७३ मध्ये, आणि ‘साउथ वेल्स बॉर्डरर्स’ हे नाव मिळालं १८८१ मध्ये, म्हणजे झुलू युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. रोर्क्स ड्रिफ्टवर वेल्श शिपाई होते, पण त्यांच्यापेक्षा इंग्रज अधिक होते आणि आयरिशही बरेच होते. तटामागून समूहगीत घुमल्याचा प्रसंग सिनेमाकारांनी रचलेला आहे.

दुसरा समज जास्त चिवट आहे. काडतुसांच्या पेट्या स्क्रूने घट्ट बंद होत्या, उघडायला स्क्रू-ड्रायव्हर मिळेनात, बंदुका रिकाम्या पडल्या म्हणून इसांडल्वाना हातचं गेलं, असं सांगतात. ही पेटी नीट पाहायला हवी. जाड लाकडाची, आतून पत्रा लावलेली, सहाशे काडतुसं मावणारी. काडतुसं दहा-दहाच्या कागदी पुड्यांत बांधलेली. पेटीभोवती तांब्याच्या दोन पट्ट्या, आणि त्या स्क्रूंनी पक्क्या केलेल्या. लोकांना आठवतात ते हे स्क्रू. पण काडतुसं काढायला या पट्ट्यांना हात लावायची गरजच नव्हती. मधोमध सरकतं झाकण होतं आणि ते एकाच पितळी स्क्रूवर अडकलेलं असे. घाईच्या वेळी झाकणाच्या कडेवर बुटाची लाथ किंवा बंदुकीचा दस्ता हाणला की ते निघून येई. छावणीत काडतुसांचा साठाही लाखांत होता. आघाडीची फळी छावणीपासून फार लांब पसरल्यामुळे काही तुकड्यांना पुरवठा अपुरा पडला असेल, पण एवढ्याने छावणी बुडत नाही.

छावणी बुडाली कारण समोरच्या सेनापतींनी ब्रिटिश सेनापतीवर मात केली. लॉर्ड चेम्सफर्डने पहाटे अर्धं सैन्य सोबत घेतलं आणि झुलू फौज जिथे नव्हती त्या दिशेला तो निघून गेला. छावणीभोवती ना खंदक खणले होते, ना गाड्यांचं कडं केलं होतं. वीस हजारांच्या आसपासची मुख्य झुलू फौज काही मैलांवरच्या दरीत एवढी शांत बसली होती की टेहळणीचे घोडेस्वार अगदी दरीच्या काठावर येईपर्यंत तिचा सुगावा लागला नाही. तिचं नेतृत्व न्त्शिंग्वायो कामाहोले या सत्तरीच्या आसपासच्या सेनानीकडे होतं. छातीने समोरून भिडायचं आणि दोन शिंगांनी दोन्ही बाजूंनी वळसा घालून शत्रूला मिठीत घ्यायचं, ही झुलूंची जुनी रचना त्या दिवशी मैलोनमैल पसरलेल्या मैदानावर पार पडली. या विजयासाठी झुलूंची हजारभर किंवा त्याहून अधिक माणसं पडली. स्क्रूच्या गोष्टीत हे सगळं गायब होतं, आणि म्हणूनच ती गोष्ट मला खटकते. हरलेल्याला त्यातून सबब मिळते आणि जिंकलेल्याचं श्रेय जातं.

झुलूंनी शेजारच्या ब्रिटिश नाताळ वसाहतीवर चाल केली म्हणून युद्ध पेटलं, असाही समज आहे. प्रत्यक्षात युद्ध लादणारा ब्रिटिश माणूस मुंबईकरांच्या ओळखीचा आहे. सर बार्टल फ्रिअर हे साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट होते, आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांच्या काळात फोर्टची तटबंदी पाडली गेली. हेच फ्रिअर १८७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेले. लंडनच्या सरकारला त्या वेळी झुलूंशी युद्ध नको होतं. तरीही डिसेंबर १८७८ मध्ये फ्रिअर यांनी राजा सेत्श्वायोला निर्वाणीचा खलिता धाडला. सैन्याची व्यवस्थाच मोडून टाका, ही त्यातली मुख्य मागणी होती, आणि कुठलाही स्वतंत्र राजा ती मान्य करणं शक्य नव्हतं. मुदत संपताच ११ जानेवारीला ब्रिटिश फौज झुलूलँडमध्ये घुसली. सेत्श्वायोने तर आपल्या सैन्याला नाताळची हद्द ओलांडू नका असं बजावलं होतं. नाताळच्या हद्दीतल्या रोर्क्स ड्रिफ्टवरचा हल्ला त्याचा भाऊ डाबुलामांझी याने हा हुकूम मोडून केला.

इसांडल्वानाला सगळी पलटण नष्ट झाली, हेही खरं नाही. तिथे पहिल्या बटालियनच्या पाच कंपन्या आणि दुसऱ्या बटालियनची एक, एवढ्या होत्या. बाकीचे शिपाई चेम्सफर्डसोबत किंवा मागच्या ठाण्यांवर होते.

आणि एवढा मोठा घाला पलटणीवर पहिल्यांदा पडला असंही नाही. तीस वर्षं आधी, १३ जानेवारी १८४९ रोजी, पंजाबात चिलियनवाला इथे शेरसिंग अटारीवाल्याच्या शीख फौजेपुढे ही पलटण अशीच कापली गेली. गोळी झाडायची नाही, नुसत्या संगिनींनी तोफा घ्यायच्या, असा हुकूम होता. दाट झुडपांतून धावत, रांगा विस्कटलेले, धापा टाकणारे शिपाई तोफांपर्यंत पोचले खरे, पण शिखांच्या माऱ्यापुढे टिकले नाहीत. पाचशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिगेडियर पेनीक्विक पडला, आणि त्याच्या प्रेताजवळ उभा राहून लढणारा त्याचा सतरा वर्षांचा मुलगाही तिथेच मारला गेला. पलटणीचं राणीचं निशाणही त्या दिवशी हरवलं. या लढाईवर कुणी गाजणारा सिनेमा काढला नाही, म्हणून ती विस्मरणात गेली.

रोर्क्स ड्रिफ्टचे अकरा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदकं, या पलटणीच्या नावावर मांडले जातात. प्रत्यक्षात तिला मिळाले सात. ठाण्याचा प्रमुख जॉन चार्ड इंजिनिअर्स दलाचा होता. मक्याची पोती आणि बिस्किटांच्या खोक्यांचा तट उभारण्यात पुढाकार घेणारा डाल्टन पुरवठा खात्यातला. बाकी दोघांत एक डॉक्टर आणि एक स्थानिक दलातला स्विस जवान. एका दिवसात सर्वाधिक क्रॉस मिळाल्याचा विक्रमही इथला नाही. तो १६ नोव्हेंबर १८५७ च्या लखनौचा आहे. व्हिक्टोरिया क्रॉस म्हटलं की रणांगण डोळ्यांपुढे येतं, पण याच पलटणीला १८६७ मध्ये लिटल अंदमानच्या किनाऱ्यावर पाच क्रॉस मिळाले होते ते खवळलेल्या लाटांतून होडी नेऊन अडकलेल्या सोबत्यांना वाचवल्याबद्दल. त्या पाचांतला विल्यम ग्रिफिथ्स पुढे इसांडल्वानाला मारला गेला.

सिनेमाने सगळ्यात मोठा अन्याय केला तो रोर्क्स ड्रिफ्टवरच्या हेन्री हूक या शिपायावर. पडद्यावर तो दारुडा आणि कामचुकार आहे. खरा हूक दारूला शिवत नसे. त्या दिवशी तो ठाण्यातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकावर होता. छप्पर पेटल्यावर त्याने आणि सोबतच्या जॉन विल्यम्सने एकामागून एक भिंती फोडत रुग्णांना खोली-खोलीतून बाहेर ओढलं. एक दार अडवून धरी, दुसरा भिंतीला भोक पाडी.

सिनेमाच्या शेवटी झुलू योद्धे शूर शत्रूला मानवंदना देऊन माघारी फिरतात. असं काही घडलं नाही. ते उपाशी होते, थकले होते, आणि चेम्सफर्डची तुकडी येताना दिसल्यावर निघून गेले. त्यानंतर जे झालं ते पडद्यावर नाही. आवारात जखमी होऊन पडलेल्या झुलूंना ब्रिटिशांनी आणि त्यांच्या स्थानिक सैनिकांनी ठार मारलं. इसांडल्वानाला पोटं फाडलेली प्रेतं पाहून शिपाई बिथरले होते, हे कारण दिलं जातं. मेलेल्याचा आत्मा मोकळा झाला नाही तर मारणाऱ्याला बाधतो, या श्रद्धेपोटी झुलू योद्धे पोट चिरत. ब्रिटिशांना ते क्रौर्य वाटलं. पण जखमींची ही कत्तल सुटका करायला आलेली फौज पोचल्यावर झाली, ठाणं सुरक्षित असताना. अकरा क्रॉस सांगताना हेही सांगायला हवं.