घाट, गिअर आणि ब्रेक

अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला चिखलदऱ्याचा घाट एकच वाटतो. सायकलवर बसून गेले म्हणजे कळते की घाट दोन आहेत : एक चढतानाचा आणि एक उतरतानाचा. आपण सारा विचार पहिल्याचा करतो. मीही तेच केले, आणि त्यातूनच हा लेख जन्मला.

चिखलदरा परतवाड्याहून तीसेक किलोमीटर, आणि उंची १,११८ मीटर. आपल्या साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. घाटात मात्र मांड्या भरून येतात. गिअरच्या डोंगरी सायकलला पुढे २८ आणि मागेही २८ दातांची जोडी लावता येते. मग एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर जाते, पण चढते.

हे गिअर बदलण्याचा खटका आणि ब्रेकचा लिव्हर पुष्कळ सायकलींवर एकाच पट्ट्यात जोडलेले असतात. त्याला मी जोडलिव्हर म्हणतो. हँडलवरचा हात न काढता अंगठ्याने व तर्जनीने गिअर बदलायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी ब्रेक दाबायचा, अशी ती सोय. शिवाय ब्रेक व खटका वेगवेगळे घेण्यापेक्षा ही जोडी बहुधा स्वस्त पडते.

माझी सायकल पडून दोन्ही जोडलिव्हर मोडले. एका दुकानात जुन्या सायकलवरची जोडी मिळाली. "हे बसन का?" म्हणून विचारले, तर उत्तर आले, "बसते ना भाऊ, काऊन नाही बसत?" बसली खरी! गिअरही बिनतक्रार पडत होते. गावात ब्रेक जरा मऊ वाटला, पण मी दुर्लक्ष केले. घाट चढताना ब्रेकची गरजच पडली नाही. उतरताना पहिल्या मोठ्या वळणावर दोन्ही लिव्हर दाबले, तर ते थेट मुठीला टेकले आणि सायकल पुरती आवरेना. पाय घासत, कडेच्या मुरमात सायकल घालून कसाबसा थांबलो. बाकीचा घाट पायी उतरलो. बुटाचे तळ गेले, शहाणपण आले.

चूक कुठे झाली? माझ्या सायकलला व्ही ब्रेक आहेत. शिमानो या जपानी कंपनीने ते १९९६ मध्ये आणले. त्यांचे दोन्ही दांडे लांब असतात, म्हणून रबर रिमवर दाबायला वायर अधिक ओढावी लागते. जुन्या कॅलिपर ब्रेकला वायर थोडीच ओढलेली पुरते. लिव्हरही त्याप्रमाणे दोन जातींचे असतात. कॅलिपरचा लिव्हर व्ही ब्रेकला लावला, तर वायर पुरेशी ओढली जाण्याआधीच तो मुठीला टेकतो. उलट केले, तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि रबर नीट पकडत नाही. डोंगरी सायकलच्या वायरच्या डिस्क ब्रेकला सामान्यतः व्ही ब्रेकचाच लिव्हर चालतो. तेलाच्या डिस्क ब्रेकला मात्र वायरचा कोणताही जोडलिव्हर चालत नाही. त्याच्या लिव्हरमध्येच तेल दाबणारी नळी असते.

ब्रेक जुळला की मग गिअर पाहावा. सायकलवर '२१ गिअर' लिहिलेले असते, त्याचा अर्थ पुढे ३ चक्रे आणि मागे ७. डाव्या लिव्हरला ३ टप्पे हवेत, उजव्याला ७. १९८४ मध्ये शिमानोने मोजून टप्पे पाडणारी गिअरपद्धत बाजारात आणली. तिच्यात प्रत्येक खटक्याला वायर ठरावीकच सरकते. म्हणजे किती गिअर हे मुख्यतः लिव्हरच मोजतो. साखळी सरकवणारा मागचा डिरेलर फक्त हुकूम पाळतो. ७ चक्रांना ८ टप्प्यांचा लिव्हर लावला, तर साखळी मध्येच कुरकुरू शकते. लिव्हर आणि डिरेलर शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत, कारण वायर ओढण्याचे माप कंपनीगणिक बदलते.

जोडलिव्हरचा एक दोषही सांगितला पाहिजे. खटका बिघडला तर चांगला ब्रेकही त्याच्यासोबत बदलावा लागतो, आणि पुढे ब्रेकची जात बदलायची झाली तर चांगला खटका वाया जातो. दोघांची जागा वेगवेगळी सरकवता येत नाही. लहान हाताच्या माणसाला ब्रेक जवळ आणावा तर खटका दूर पडतो. ज्याला सायकलमध्ये पुढे फेरबदल करायचे आहेत त्याने सुटे घ्यावेत. ज्याची सायकल आहे तशीच राहणार आहे, त्याला जोडलिव्हर पुरे.

तेव्हा मित्रहो, दुकानात गेल्यावर आधी आपला ब्रेक कोणता ते पाहा, मग मागची चक्रे बोटाने मोजा, आणि शेवटी लिव्हर जोरात दाबून पाहा. लिव्हर व मूठ यांच्यात बोटभर जागा उरलीच पाहिजे. 'बसते' आणि 'चालते' या दोन शब्दांत एका घाटाचे अंतर आहे. गिअर आपल्याला चिखलदऱ्याला नेतो. घरी आणतो तो ब्रेक.