तार तुटत नाही, मरते

१९६५ सालची लंडनमधली गोष्ट. ‘द हू’ या बँडचा बास गिटारवादक जॉन एन्टविसल ‘माय जनरेशन’ या गाण्याचं रेकॉर्डिंग करत होता. गाण्यात चक्क बास गिटारचा सोलो होता आणि त्यासाठी त्याला डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी गिटारच्या बारीक, खणखणीत तारा हव्या होत्या. वाजवता वाजवता तार तुटली. बाजारात नुसत्या तारा मिळेनात, म्हणून पठ्ठ्याने अख्खी नवी गिटार विकत घेतली. तिचीही तार तुटली, पुन्हा गिटार आली. शेवटी तो नाद सोडून त्याने दुसऱ्याच बनावटीच्या, फेंडर जॅझ बासवर सोलो वाजवला.

आता तारांसाठी गिटार घ्यावी लागत नाही. पण बासच्या तारा आजही स्वस्त नाहीत. साध्या सहातारी गिटारचा संच काही शे रुपयांत येतो. बासच्या चार तारांना, परदेशी बनावटीच्या असतील तर, दोन हजारांच्या आसपास मोजावे लागतात. बरं, या तारा इतक्या जाड असतात की सहसा तुटत नाहीत. त्या ‘डेड’ होतात. गिटार नीट लागते, सूरही योग्य येतो, पण आवाजातली चमक गेलेली असते. सगळं कसं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं.

असं का होतं, हे तारेच्या बांधणीवरून कळतं. मधोमध पोलादाची एक ताठ तार असते आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे वेढे, जाड तारांत एकावर एक दोन-तीन थरांत, घट्ट गुंडाळलेले असतात. बाहेरचा वेढा बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. सर्वांत जाड ‘ई’ तारेचा व्यास अडीच मिलिमीटरच्या पुढे जातो. गिटारवर चढवल्यावर एकेका तारेवर साधारण वीस किलोचा ताण असतो. बोटाला जी खरखर लागते ती या वेढ्यांमधल्या खाचांची. आणि मळ साचतो तोही तिथेच.

‘ई’ तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. त्याबरोबर ८२, १२४, १६५ अशा तिच्या पटीतल्या कंपनांचाही आवाज निघतो. ही वरची कंपनंच आवाजाला धार देतात. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ४१ कंपनांचा आवाज झेपत नाही, तरीही बासचा सूर ओळखू येतो तो त्यांच्याच जोरावर. घाम, त्वचेचं तेल आणि मृत कातडीचा चुरा वेढ्यांच्या फटीत बसला की वेढे एकमेकांवर मोकळेपणाने हलत नाहीत. मग सगळ्यात आधी ही वरची कंपनं विरतात. घामातलं मीठ धातूला गंजवतं. त्याच त्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, दाबून तारेला खालून चपटे खड्डे पडतात. मळ धुता येतो. गंज आणि खड्डे मात्र कायमचे.

तरीही डेड तार म्हणजे खराब तार, असं सरसकट म्हणता येत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारा जेम्स जेमरसन तार तुटल्याखेरीज बदलत नसे. त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बासवर ‘ला बेला’ कंपनीच्या जाड, चपट्या वेढ्यांच्या तारा असत. तारांवरचा मळ हाच त्याच्या लेखी आवाजाचा मसाला होता. ‘द टेम्प्टेशन्स’च्या ‘माय गर्ल’मध्ये सुरुवातीलाच ऐकू येणारा तो गोल, गुबगुबीत बास त्याचाच. एन्टविसलला नेमकं उलटं हवं होतं. त्याला बास पियानोच्या खालच्या सुरांसारखा खणाणायला हवा होता. त्यासाठी १९६६ मध्ये त्याने इंग्लंडच्या ‘रोटोसाउंड’ कंपनीबरोबर बसून गोल वेढ्यांच्या तारा करवून घेतल्या. आजही बहुतेक बास गिटारवर गोल वेढ्यांच्याच तारा दिसतात.

म्हणजे तारांचं आयुष्य ठरतं ते आधी कानावर. जुन्या सोल संगीताचा, जॅझचा किंवा रेगेचा मऊ आवाज हवा असेल तर चपट्या वेढ्यांच्या तारा वर्षानुवर्षं चालतात. वरून गुळगुळीत असल्याने त्यांच्यात मळ कमी शिरतो आणि फ्रेटही कमी झिजतात. लॅरी ग्रॅहमने रूढ केलेल्या ‘स्लॅप’ शैलीत, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवताना, चमकच हवी असते. रोज तास-दोन तास असं वाजवणाऱ्याच्या तारा दोन-तीन महिन्यांतच निस्तेज वाटू लागतात.

चमक टिकवायची असेल तर पहिला उपाय फुकटचा आहे. वाजवायला बसण्याआधी साबणाने हात धुवून कोरडे करायचे. वडापाव खाऊन थेट गिटार उचलणाऱ्याला कोणतीही महागडी तार वाचवू शकत नाही. वाजवून झालं की जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने प्रत्येक तार चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत पुसायची. तारेच्या पोटाशी, फ्रेटच्या बाजूला, मळ जास्त असतो आणि नेमका तोच भाग पुसायचा राहतो. म्हणून फडकं तारांच्या खालून घालून ओढायचं. एवढ्या मिनिटभराच्या कामाने तारांचं आयुष्य सहज वाढतं.

मुंबई, कोकण आणि गोव्यात हवेचाही त्रास असतो. पावसाळ्यात इथली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, त्यात समुद्राची खारी हवा. भिंतीवर शोभेला टांगलेल्या गिटारच्या तारा न वाजवताही गंजतात. गिटार पुसून, कोरडी करून केसमध्ये ठेवावी आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. मे महिन्यात उघड्या मैदानावर कार्यक्रम झाला असेल तर घामेजलेली गिटार तशीच केसमध्ये बंद करणं सर्वांत वाईट.

तारा चढवतानाही काळजी हवी. तार खुंटीला गुंडाळताना तिला पीळ पडला तर ती पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. जादा टोक कापायचं असेल तर आधी तार काटकोनात वाकवायची आणि मग वाकाच्या पुढे कापायची. थेट सरळ कापली तर आतल्या तारेवरचे वेढे सैल पडू शकतात. ज्यांना पुढे तारा काढून धुवायच्या आहेत, त्यांनी टोक फार आखूड ठेवू नये.

आणि तारा खरंच धुतात. सर्वांत जुना उपाय उकळण्याचा. तारा सैल वेटोळं करून पाण्यात दहाएक मिनिटं उकळायच्या. पाण्यावर करडा तवंग येतो, तोच तो बोटांचा मळ. मग पूर्ण सुकवून पुन्हा चढवायच्या. चमक परत येते, पण तिचा मुक्काम थोड्या दिवसांचाच. शिवाय आत पाणी राहिलं तर गंज ठरलेला. म्हणून अनेक बासवादक स्पिरिटकडे वळले. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट बोर्ड पुसायला वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल इथे कामी येतं. प्लंबरकडचा मीटर-सव्वा मीटरचा पीव्हीसी पाइप घेऊन त्याचं एक टोक टोपण चिकटवून बंद करायचं. तारा आत सरळ सोडायच्या, स्पिरिट ओतायचं, दुसरं टोपण लावून रात्रभर ठेवायचं. मळ खाली बसतो, स्पिरिट लगेच उडून जातं आणि गंजाची भीती कमी राहते. मात्र हे काम गॅसच्या शेगडीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करावं. गिटारवर असतानाच तारांना स्पिरिट चोळू नये, ते लाकडावरचं पॉलिश खातं. चपट्या वेढ्यांच्या तारांना यातल्या कशाच्याही वाटेला नेऊ नये, आणि नायलॉनचं आवरण असलेल्यांना तर नाहीच.

कोटेड तारा हा तिसरा मार्ग. ‘एलिक्सिर’ तारा काढणारी डब्ल्यू. एल. गोर ही कंपनी ओळखली जाते ती पावसाळी जॅकेटसाठी लागणाऱ्या गोर-टेक्स कापडासाठी. पाणी अडवणाऱ्या त्याच जातीच्या पदार्थाचा पातळ थर तारांवर दिला, की घाम आणि मळ खाचांत शिरत नाही. किंमत साध्या संचाच्या दुप्पट, आणि काहींना या तारा बोटाला निसरड्या वाटतात. पण ज्याच्या घामाने साध्या तारा पंधरवड्यात काळवंडतात, त्याला हा सौदा परवडतो.

संच बदलायची वेळ आली हे ट्यूनर दाखवून देतो. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं हलकं बोट लावून काढलेला सूर आणि तिथेच दाबून काढलेला सूर जुळला पाहिजे. गिटारची जुळणी नीट असूनही तो जुळेनासा झाला, म्हणजे तारेचं वजन सगळीकडे सारखं राहिलेलं नाही. मग उकळा नाहीतर भिजवा, उपयोग नसतो. उतरवलेल्या संचातल्या त्यातल्या त्यात बऱ्या तारा मात्र धुवून केसच्या खिशात ठेवाव्यात. कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर एखादी तार तुटलीच, तर कोरी तार ताणून स्थिरावायला वेळ घेते आणि बाकीच्या तिघींत तिचा आवाज वेगळा पडतो. वापरलेली तार चढवली की दोन मिनिटांत पुढचं गाणं सुरू करता येतं.