कल्हईवाला आणि गूगलचा नकाशा

पितळेच्या पातेल्यांतलें ताक कळकलें, कीं घरांतील वडील माणसांना कल्हईची आठवण होई. आणि आठवण झाल्यावर फार दिवस थांबावें लागत नसे. भाता व कोळसे घेऊन फिरणारा कल्हईवाला आठपंधरा दिवसांत आळींत येई व त्याची हांक माजघरापर्यंत ऐकूं जाई. तापलेल्या भांड्यांत नवसागराची भुकटी पडतांच उठणारा पांढरा धूर, आणि त्यामागोमाग कापसाच्या बोळ्यानें फिरविलेल्या कथिलाची रुपेरी झळाळी, हा मुलांना फुकटचा तमाशा असे. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतें; म्हणून रस्त्याच्या कडेला खड्डा करून पेटविलेली भट्टीही या कामास पुरते.

पुढें स्वयंपाकघरांत अॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आलें, ताक कळकण्याची भीति गेली आणि ती हांकही हळूहळू नाहींशी झाली. अलीकडे कित्येक घरांत तींच जुनीं भांडीं माळ्यावरून पुन्हां खालीं आलीं आहेत. कोथरूडला सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या गृहिणीपाशीं आजीचें पातेलें आहे व त्यास कल्हई हवी आहे. तिकडे कसबा पेठेंत, जेथें तांब्यावर मठारकाम करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या राहत आले त्या तांबट आळीच्या आसपास, तें काम करून देणारा मनुष्यही आहे. दोघांमधील अंतर फार तर सहासात किलोमीटरचें. पण गांठ पडत नाहीं. ती मोबाइलमध्यें ‘कल्हई’ हा शब्द घालते, तेव्हां तिच्यापुढें एक नकाशा व त्याखालीं बहुधा तीन दुकानांचीं नांवें येतात. त्या तिहींत या कारागिराचें नांव नसेल, तर तिच्या लेखीं तो पुण्यांत नाहींच.

अशा शोधांत कोणाचें नांव वर यावें हें ठरवितांना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात, असें गूगल कंपनीनें स्वतःच जाहीर केलें आहे. मागितलेल्या गोष्टीशीं दुकानाचा मेळ किती, विचारणाऱ्यापासून किंवा विचारलेल्या ठिकाणापासून तें किती दूर, आणि त्याचा लौकिक किती, ह्या त्या तीन गोष्टी होत. या क्रमासाठीं पैसे घेतले जात नाहींत. पैसे देऊन केलेली जाहिरात निराळी असते व तिच्यावर तशी खूणही असते. असें असूनही ‘महिन्याला इतके द्या, पहिला क्रमांक मिळवून देतों’ असे दूरध्वनि लहान दुकानदारांना येतच राहतात, आणि आठवड्याच्या मिळकतीएवढी रक्कम त्यांपायीं खर्ची पडते.

तिहींपैकीं अंतरावर इलाज नाहीं. दुकान उचलून कोथरूडला नेतां येत नाहीं. परंतु दूरचें दुकान मागणीशीं अधिक जुळत असेल, तर तें जवळच्या दुकानाच्याही वर येऊं शकतें. किराणा दुकानदाराला या सवलतीचा उपयोग थोडा, कारण किराणा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. कल्हईवाले मोजके, त्यांना ती पुष्कळच उपयोगाची आहे.

मात्र मेळ जमण्यासाठीं तो शब्द कोठें तरी लिहिलेला पाहिजे, आणि नेमकी तेथेंच चूक होते. दुकानाची नोंद ‘भांड्यांचे व्यापारी’ एवढीच असते. तांबटाकडे कल्हई होते हें गिऱ्हाइकाच्या आजीला ठाऊक होतें. यंत्राला तें कोणी सांगितलेलें नसतें. गूगलवरील दुकानाची ही नोंद विनामूल्य असते. २०१४ पासून ती ‘गूगल माय बिझनेस’ या नांवानें ओळखली जाई, २०२१ पासून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या नांवानें. तींत व्यवसायाचा वर्ग ठरलेल्या यादींतून निवडावा लागतो. यादींत आपल्या धंद्याचें नेमकें नांव सांपडलें नाहीं, तर त्यांतल्या त्यांत जवळचा वर्ग घ्यावा, आणि सेवांच्या रकान्यांत कल्हई, मठारकाम, जुन्या भांड्यांस डाग देणें हें सारें स्वतंत्रपणें लिहावें. मराठी घरांतून ‘कल्हई’ म्हणतात, हिंदी भाषिक ‘कलई’ म्हणतात, आणि कित्येक जण दोन्ही शब्द रोमन लिपींत लिहितात. वर्णनांत या रूपांना सहज जागा करून देतां येते. हे शब्द दुकानाच्या नांवांत कोंबण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. नांव पाटीवर असेल तेंच द्यावें असा नियम आहे, आणि तो मोडल्यास नोंद स्थगित होऊं शकते.

पत्त्याची कथा याहून बिकट. पुण्याच्या पेठांत पत्ता सांगावयाचा तो पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर अशा देवतांच्या साक्षीनें. माणसाला तेवढें पुरतें. देशभर एकाच नांवाचीं अनेक गांवें व नाना लिप्यांतले पत्ते यांनीं टपाल खात्यालाही असेंच जेरीस आणलें होतें. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकडी पिन कोड सुरू झाला. तो सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवि होते, हें येथें मुद्दाम नमूद करण्यासारखें आहे. पण पिन कोडानें पेठ सांपडते, दार सांपडत नाहीं. त्यासाठीं नकाशावरील खूण दुकानदारानें स्वतः आपल्या उंबऱ्यावर आणून ठेवावी. अरुंद बोळांच्या भागांत ती मागच्या गल्लींत पडली, तर गिऱ्हाईक दहा पावलांवरून परत जातें. नांव, पत्ता व दूरध्वनि क्रमांक हीं पाटीवर, पावतीवर आणि जेथें जेथें नोंद असेल तेथें एकसारखीं असावीं. वेळाही खऱ्या लिहाव्या. दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी चाल थट्टेचा विषय असली, तरी ती नोंदींत लिहून ठेवण्यास कांहींच अडचण नाहीं. अडचण येते ती न लिहिल्यानें.

राहतां राहिला लौकिक. इतर संकेतस्थळांवर दुकानाचा झालेला उल्लेख आणि गिऱ्हाइकांनीं लिहिलेले अभिप्राय यांवरून तो जोखला जातो. काम मनासारखें झालेल्या गिऱ्हाइकाला ‘दोन ओळी लिहा’ म्हणून विनंति करण्यांत गैर कांहीं नाहीं. सवलत किंवा पैसे देऊन अभिप्राय मिळविणें मात्र नियमबाह्य आहे. भारतीय मानक ब्यूरोनेंही ऑनलाइन अभिप्रायांसाठीं २०२२ मध्यें ‘आयएस १९०००’ हें मानक प्रसिद्ध केलें. प्रतिकूल अभिप्राय आला कीं कारागीर खचतो अथवा चिडतो. ‘तीन महिन्यांत कल्हई गेली’ असें कोणी लिहिलें, तर तारेच्या घासणीनें कल्हई खरवडली जाते, व भांडें रिकामें तापविल्यास कथील वितळूं लागतें, एवढें सौम्य शब्दांत लिहावें. तें उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षां पुढें येणाऱ्या पन्नास जणांसाठीं असतें.

याहून मोठा धोका घरांतलाच आहे. नोंद बहुधा भाचा किंवा एखादा मध्यस्थ आपल्या खात्यावरून करून देतो. पुढें भाचा परगांवीं जातो, मध्यस्थ दूरध्वनि उचलत नाहीं, आणि बदललेला क्रमांक दुरुस्त करण्याचीही सोय राहत नाहीं. मालकी पहिल्या दिवसापासून दुकानदाराच्या स्वतःच्या खात्यावर असावी. मदतनिसास व्यवस्थापक म्हणून जोडतां येतें. पडताळणीचा सांकेतिक आंकडा कोणासही सांगूं नये.

दुकानच नसलेल्या फिरत्या कल्हईवाल्यालाही या नकाशांत जागा आहे. घरचा पत्ता झांकून आपण कोणकोणत्या भागांत जातों तेवढें तो लिहूं शकतो. असे भाग विसांपर्यंत देतां येतात. अमुक रविवारीं सकाळीं अमुक ठिकाणीं भाता लागेल, अशी सूचनाही त्यास नोंदीवर टाकतां येते. सोसायटीच्या आवारांत धूर करूं द्यावयास तेथले चिटणीस राजी होतात कीं नाहीं, ही गोष्ट मात्र गूगलच्या हातांतली नव्हे.