विद्यार्थ्यांची बचत : उद्दिष्ट जवळचे हवे

बचतीचा उपदेश आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांच्या मनावर सहसा ठसत नाही. दिवाळीपर्यंत सायकल घ्यावयाची असे ठरले, म्हणजे तो ठसतो. जुनी सायकल १,८०० रुपयांस मिळत असेल व हाती सहा महिने असतील, तर दरमहा ३०० रुपये हवेत. हा हिशेब विद्यार्थ्यानेच मांडावा. रक्कम झेपत नसल्यास मुदत वाढवावी.

दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना टपाल कार्यालयात स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते. प्रारंभी किमान ५०० रुपये भरावे लागतात. तेथील आवर्ती ठेव मात्र पाच वर्षांची. ती या कामी उपयोगाची नाही.

घरच्या अडचणीत पालक ही शिल्लक मागून घेतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशी रक्कम उसनवार म्हणून वहीत नोंदवावी व ठरल्या तारखेस परत करावी, हे शिक्षकांनी पालकसभेत आवर्जून सांगावे.