दुकानाचे वेब पान आधी मोबाइलवर उघडून पाहा

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर तिथल्या एका तरुण कारागिराने आपल्या दुकानाचे वेब पान स्वतःच तयार केले. घरचा संगणक, शिकाऊ हात आणि आठवडाभराची जागरणे. बाहेर पैसा दिला नाही. त्याच्या संगणकावर पान देखणे दिसत होते. आम्ही ते आमच्या मोबाइलवर उघडले, तर अक्षरे मुंगीएवढी!

"चाचा, संगणकावर बघा ना," तो म्हणाला. आम्ही विचारले, तंबोऱ्याची चौकशी करणाऱ्या किती गिऱ्हाइकांपुढे त्या वेळी संगणक असतो? यावर तो गप्प झाला.

नवशिक्यांचे बहुतेक सर्वांचे असेच होते. २००७ साली आयफोन आला तेव्हा वेबवरची पाने मोठ्या पडद्यासाठीच बनलेली असत. म्हणून त्याच्या ब्राउझरने युक्ती काढली की पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरायचे आणि सगळे आवळून लहान पडद्यात बसवायचे. पानाने वेगळे काही सांगितले नाही, तर मोबाइल आजही साधारण तेच करतो. सांगायचे ते एका ओळीत. पानाच्या ‘हेड’ भागात ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ घालून, रुंदी यंत्राइतकी धरावी, असे लिहायचे.

आमच्यासमोरच त्याने ती ओळ घातली. अक्षरे मोठी झाली, पण पान उजवीकडे पडद्याबाहेर पळाले, कारण प्रत्येक फोटो १२०० पिक्सेलचा ठोकून बसवला होता. फोटोची जास्तीत जास्त रुंदी शंभर टक्के, एवढे लिहिले की तो चौकटीबाहेर जात नाही. राहिले एका ओळीत मांडलेले तीन-तीन फोटो. अरुंद पडद्यावर ते एकाखाली एक यावेत आणि रुंद पडद्यावर शेजारी-शेजारी, हे काम ‘मीडिया क्वेरी’ करते. ईथन मार्कोट यांनी २०१० साली या पद्धतीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिले. आमचा सल्ला असा, की आधी लहान पडद्याची मांडणी करावी, मग मोठ्याची. गायकाची पट्टी बघून तंबोरा लावून देणाऱ्याला हे फार समजावावे लागले नाही.

इथपर्यंत काम एका दुपारचे. पुढची गोष्ट मात्र मिरजेत जास्त बोचणारी आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत दृष्टिहीन माणसे थोडी नाहीत. ते मोबाइल कानाने वाचतात. अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आणि आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ पानावरचा मजकूर बोलून दाखवतो. आम्ही टॉकबॅक चालू केला. पान उघडताच तंबोरा आपोआप झंकारू लागला आणि वाचणारा आवाज त्यात बुडून गेला. कारागिराला ही सर्वांत मोठी हौस होती, पण ती काढावी लागली. आवाज ऐकवायचाच, तर गिऱ्हाइकाने बटण दाबल्यावर.

मग दरपत्रक आले. ते छापखान्यातल्या कागदाचा फोटो होते, त्यामुळे यंत्राने फाइलचा नंबर वाचला, दर नाही. दर मजकुरात टंकावेत, तेही युनिकोडमध्ये. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबवर बहुधा अगम्य अक्षरांचा ढीग होतो. पानाची भाषा मराठी, हेही कोडमध्ये नोंदवावे, म्हणजे यंत्र मराठी उच्चार निवडते. फोटोमागे दडलेले वर्णन, ज्याला ‘ऑल्ट’ म्हणतात, तिथे ‘फोटो १’ लिहून उपयोग नाही. ‘तुनच्या लाकडाचा चार तारांचा तंबोरा’ असे लिहिले, तर न पाहणाऱ्यालाही माल कळतो.

डोळस गिऱ्हाइकाचेही हाल होतेच. दुधी रंगावर सोनेरी अक्षरे! पत्रिकेवर शोभतात, उन्हात मोबाइलवर दिसत नाहीत. वेबच्या सुगम्यता नियमांप्रमाणे साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ ला १ हवा, आणि तो मोजणारी साधने फुकट मिळतात. फोन नंबरही चित्रात न ठेवता असा लिहावा, की बोट लावताच फोन लागेल.

ही केवळ मेहेरबानीची बाब नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला बँका वगैरेंच्या केवायसीचा होता, छोट्या दुकानाचा नव्हे. तरी वारा कुठल्या दिशेचा आहे ते ध्यानात घ्यावे.

आम्ही निघालो तेव्हा तो दरपत्रक टंकीत बसला होता. भाव उघड लिहायचा की ‘फोनवर विचारा’ म्हणायचे, यावर वडिलांशी त्याची हुज्जत चालू होती.